एस.टी.च्या गाडीत औषधाची जाहिरात कशाला?

मागच्या पावसाळ्यात खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरून एक मावशी दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. सोबत मुलगा. चार दिवस उलट्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, अंगात काडीचा जोर नाही. रक्तदाब ऐंशीच्या आसपास. जुलाब नाहीत, ताप नाही, साप-विंचू चावल्याची खूण नाही.

पण चेहरा वेगळंच सांगत होता. तोंड गोल, गालांवर लाली, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट सुटलेलं, आणि हातपाय मात्र काटकुळे. हातांवर जागोजागी काळेनिळे डाग. मी विचारलं, "काही औषध चालू होतं का?" मुलगा म्हणाला, "नाही, काहीच नाही." मावशी गप्प. मग त्यांनीच कमरेची पिशवी सोडली आणि दोन रिकाम्या पुड्या टेबलावर ठेवल्या. "हे औषध नाही, गुडघ्याची पावडर आहे."

दीड वर्ष त्या ती पावडर घेत होत्या. पहिल्या दोन दिवसांतच गुण आला होता. ज्या बाईला शेतातून घरी येताना बांधावर बसावं लागायचं, ती लावणीला दिवसभर वाकून उभी राहिली. अशा औषधाला कोण नावं ठेवील? या वेळी पैसे जमले नाहीत, पार्सल मागवलं नाही, पुड्या संपल्या. आणि आठवडाभरात मावशी आडव्या झाल्या.

पुडीत काय होतं ते मी प्रयोगशाळेत तपासलेलं नाही. पण असा गोल चेहरा, अशी पातळ कातडी आणि औषध थांबल्यावर असा कोसळलेला रक्तदाब पाहिला की कुठलाही डॉक्टर एकाच गोष्टीचा संशय घेतो: स्टेरॉइड. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज थोडं स्टेरॉइड तयार करतात, त्यावर आपला रक्तदाब, साखर, आजारपणात टिकून राहण्याची ताकद अवलंबून असते. बाहेरून महिनोन् महिने स्टेरॉइड येत राहिलं की या ग्रंथी काम सोडून देतात. मग बाहेरचा पुरवठा अचानक थांबला की शरीराकडे स्वतःचं काहीच शिल्लक नसतं. मावशींना सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं, काही तासांत त्या उठून बसल्या. पुढे महिनोन् महिने गोळी हळूहळू कमी करावी लागली. वेळेवर आल्या म्हणून वाचल्या.

"पावडरीचा पत्ता कुठून मिळाला?" तर म्हणाल्या, गाडीत. खिडकीशेजारी चिकटवलेला एक हातभर कागद, त्यावर गुडघ्याचं चित्र आणि मोबाइल नंबर. नातीने वाचून दाखवला. ती गाडी एस.टी. होती की जीप, हे आता त्यांना आठवत नाही. नंबर मात्र पाठ आहे.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सार्वजनिक वाहनात, बसस्थानकावर, रेल्वेच्या डब्यात, फलाटावर आणि परवानाधारक प्रवासी जीपमध्ये कुठल्याही औषधाची जाहिरात असू नये. ना पुडीची, ना काढ्याची, ना नामांकित कंपनीच्या गोळीची. 'फसव्या जाहिराती नकोत' एवढ्यावर थांबून भागणार नाही. औषधाची जाहिरातच नको.

कायदा आहे, सत्तर वर्षं आहे

तुम्हाला वाटेल, हा डॉक्टर काहीतरी नवीन मागतोय. नाही. १९५४ साली संसदेने 'औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' केला. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, क्षय, लकवा, फिट, मोतीबिंदू, मुतखडा, संधिवात, रक्तदाब, कोड, लठ्ठपणा, स्त्रीचं वंध्यत्व, पुरुषाची नपुंसकता, एवढंच काय, माणसाची उंची. यातला आजार आमच्या औषधाने बरा होतो, टळतो किंवा ओळखता येतो असं जाहिरातीत सांगणंच गुन्हा आहे. औषध खरं की खोटं हा प्रश्न तिथे येतच नाही.

आणि जाहिरात म्हणजे फक्त वर्तमानपत्रातली नव्हे. कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे: पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी केलेली घोषणा, प्रकाशाने, आवाजाने किंवा धुराने केलेली घोषणासुद्धा. बाजाराच्या दिवशी कर्णा लावून मुळ्या विकणारा त्यात बसतो आणि गाडीतला हातभर कागदही बसतो. गंडे-ताईत-मंत्र यांच्यासाठी वेगळं कलम आहे. शिवाय गुन्हा फक्त पुडीवाल्याचा नाही. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत 'कोणताही भाग' घेणारा माणूस कायद्याच्या कक्षेत येतो, छापणारासुद्धा.

मग 'जाहिरात करणं हा आमचा हक्क आहे' असं म्हणत एक दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. हमदर्द दवाखाना विरुद्ध भारत सरकार. डिसेंबर १९५९ मध्ये पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. कायद्याचे दोन तुकडे त्यांनी रद्द केले, पण मुख्य गोष्ट उचलून धरली: लोकांनी स्वतःच स्वतःवर घातक उपचार करू नयेत म्हणून औषधाच्या जाहिरातीला आळा घालणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला नाही. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या निकालात न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं, पण फसव्या जाहिरातीला नाही.

डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांबद्दल नियम आणखी कडक आहे. पाकिटावर लाल रेघ आणि आरएक्सची खूण असते ना, ती परिशिष्ट 'एच', 'एच-१' आणि 'एक्स' मधली औषधं. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांची जाहिरात करता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आहे तर बंदी वेगळी कशाला मागता? कारण हा कायदा ज्या वाटेने पळवून लावता येतो त्या वाटा मला रोज दवाखान्यात दिसतात.

पहिली पळवाट शिक्षेची. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड, दुसऱ्याला एक वर्ष. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला होता. आजार ७८, दंड दहा लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत. मसुदा आला आणि मसुदाच राहिला.

दुसरी यादीची. 'दारू सोडवा' ही जाहिरात तुम्ही किती ठिकाणी वाचली असेल? दारूचं व्यसन त्या ५४ आजारांत नाही. मूळव्याध १९५४ च्या यादीत नाही (औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये आहे, पण ते बंधन औषध बनवणाऱ्याच्या दाव्यावर). 'रक्त वाढवा', 'ताकद', 'भूक लागत नाही' हे तर कुठेच नाही. म्हणून कागदावर आजाराचं नाव न घेता चित्र काढतात. गुडघ्याचं चित्र काढलं, नंबर दिला, की संधिवाताचा शब्द लिहायलाच नको.

तिसरी पळवाट अशी की ती सरकारनेच उघडली. डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घातला गेला: आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मंजुरी क्रमांक घ्या. चांगला नियम होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध २०२२ मध्ये केलेली याचिका तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालू होती. त्यातल्या अवमानाच्या कारवाईत एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीला वर्तमानपत्रांतून माफी छापावी लागली आणि न्यायमूर्तींनी विचारलं की माफीचा आकार तुमच्या जाहिरातींएवढाच आहे का. एवढं होऊनही जुलै २०२४ मध्ये केंद्राने नियम १७० वगळूनच टाकला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खं प्रकरण निकाली काढलं. स्थगितीही त्याबरोबर गेली. म्हणजे आधी तपासून मग छापायचं, हा दरवाजा आता आयुष औषधांसाठी बंद आहे. छापल्यानंतर कुणी तक्रार केली तर पुढचं बघायचं.

मोखाड्याच्या पाड्यावरची मावशी तक्रार कुणाकडे करणार?

गाडीच का?

टीव्हीवर जाहिराती आहेत, मोबाइलवर तर पूर आहे. मग मी गाडीच्या मागे का लागलोय?

टीव्ही बंद करता येतो. जव्हारहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाणारी गाडी घाट चढत असताना समोरच्या पत्र्यावरचा कागद बंद करता येत नाही. तास दोन तास तोच कागद डोळ्यांपुढे. स्थानकावर गाडीची वाट बघताना तीच भिंत. आपल्या भागात माणसाचं आयुष्यच प्रवासावर चालतं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात, होळीला परततात. मोठ्या आजाराला नाशिक, सिल्वासा नाहीतर ठाणे-मुंबई. ज्याच्या अंगात दुखणं आहे तोच गाडीत बसलेला असतो. जाहिरात करणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

त्यात आता प्रवासी कोण आहेत बघा. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. मोफत झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय उत्तम. पूर्वी घरीच दुखणं काढणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या त्यामुळे जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयापर्यंत येऊ लागल्या. पण याचा अर्थ असाही होतो की गुडघेदुखी, पाळीच्या तक्रारी, अशक्तपणा असलेली माणसं गाडीत आणखी मोठ्या संख्येने आहेत. सवलत त्यांना सरकारने दिली, आणि गिऱ्हाईक म्हणून त्या पुडीवाल्याच्या समोर बसल्या.

आणि एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. सरकारी गाडीत लावलेला कागद हा सरकारने लावलेला कागद वाटतो. आश्रमशाळेत नववीत शिकणारी मुलगी आजीला तो वाचून दाखवते. तिच्या पुस्तकातही छापलेलं असतं, इथेही छापलेलं आहे. एस.टी.वर विश्वास आहे म्हणून कागदावर विश्वास बसतो. पाड्यावरचा भगत बरा की वाईट, या वादात मी पडत नाही; पण त्याला तोंड आहे, घर आहे, उद्या त्याच विहिरीवर त्याला यायचं आहे. औषधाने कुणाचं बरं-वाईट झालं तर लोक त्याला विचारतात. मोबाइल नंबरला तोंड नसतं.

तीन पुड्या

स्टेरॉइडची पुडी वर सांगितली. तिचं आणखी एक सांगायचं राहिलं: स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. अंगात झोपलेला क्षय त्यामुळे जागा होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. गुडघा मात्र छान वाटत राहतो.

दुसरी पुडी नवऱ्याच्या नकळत जेवणात कालवायची, 'दारू सोडवा' वाली. मला या पुडीची सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ती आणणारी बाई घर वाचवण्यासाठी आणत असते. दारूवर डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते शरीरात दारूचं विघटन मध्येच अडवतं, त्यामुळे एक विषारी पदार्थ साचतो आणि दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. कधीकधी जीवही जातो. म्हणूनच हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि लिव्हर तपासून, घरच्यांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा प्यायला बसणार. नाव नसलेल्या पुडीत हेच असेल तर? आणि नसेल तर पैसे वाया.

त्याच्या उलट धोकाही आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भ्रम: माणूस घाम घाम होतो, थरथरतो, नसलेली माणसं त्याला दिसतात. लोक म्हणतात बाहेरची बाधा झाली. हा जिवावरचा आजार आहे, रुग्णालयात त्यावर उपचार आहेत. कागदावर यातलं एक अक्षर नसतं.

तिसरी 'रक्त वाढवा'. आपल्या जिल्ह्यात आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल आहे. या आजारात रक्त कमी दिसतं, पण कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही. तांबड्या पेशीच कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. ज्याला वारंवार रक्त द्यावं लागलं आहे त्याच्या अंगात उलट लोह साचलेलं असतं, ते लिव्हरवर, हृदयावर बसतं. अशा पोराला कुणी बाटलीवर बाटली लोहाचं टॉनिक पाजलं तर? पोराच्या अंगदुखीवर टॉनिक चालू राहतं आणि तपासणी दोन वर्षं लांबते. सिकलसेलची पहिली चाचणी बोटाच्या एका थेंबावर होते, सरकारी दवाखान्यात फुकट. त्यावरची हायड्रॉक्सियुरिया ही गोळी तपासण्या करत करतच द्यावी लागते. २०२३ च्या जुलैपासून तर देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे.

चौथ्या, मलमाच्या, प्रकाराबद्दल लांबण लावत नाही. गजकर्णावर, खरजेवर लावायची तीन औषधं एकत्र केलेली मलमं, ज्यात जोरदार स्टेरॉइड असतं. खाज एका रात्रीत थांबते आणि गजकर्ण महिनाभरात अंगभर होतं. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आश्रमशाळेच्या पोरांच्या मांड्या बघितल्या तर हा नियम अजून दुकानापर्यंत पोहोचायचा आहे असं वाटतं.

आता आमच्याकडे बोट

इथपर्यंत वाचून काही वैद्यमित्र रागावले असतील: अॅलोपथीवाला आयुर्वेदाच्या मागे लागला. म्हणून मुद्दाम म्हणतो, नामांकित कंपनीची, सगळ्या चाचण्या पार केलेली गोळीही मला गाडीवर नको. पतंजलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयएमएलाही सुनावलं होतं की तुमच्या डॉक्टरांनी विनाकारण महागडी औषधं लिहिण्याचं काय ते आधी बघा. बरोबरच सुनावलं.

चिठ्ठीच्या औषधाची जाहिरात थेट लोकांपुढे करायला परवानगी देणारे मोठे देश दोनच: अमेरिका आणि न्यूझीलंड. अमेरिकेत १९९७ मध्ये टीव्हीवरच्या औषध-जाहिरातींचे नियम सैल झाले. दोन वर्षांनी रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी आली, व्हायॉक्स या नावाने. वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर खर्च करून ती घराघरात पोहोचवली गेली. गोळी खोटी नव्हती, दुखणं खरंच थांबायचं. पण हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीला ती जगभरातून मागे घ्यावी लागली. जाहिरात नसती तरी धोका होताच. फरक एवढाच की ज्यांचं साध्या गोळीवर भागलं असतं अशा लाखो लोकांनी डॉक्टरकडे जाऊन ती नाव घेऊन मागितली होती. गुडघेदुखीची गोष्ट तिथेही तीच निघाली, फक्त पुडीचं पाकीट चकचकीत होतं.

आपल्याकडे चिठ्ठीच्या औषधाचं नाव छापता येत नाही, म्हणून आता आजाराची 'जनजागृती' छापतात. औषधाचं नाव नाही, कंपनीचं बोधचिन्ह खाली कोपऱ्यात, आणि 'तुमच्या डॉक्टरांना विचारा'. आजार विकला की औषध आपोआप खपतं. माझ्या मते हीसुद्धा जाहिरातच, आणि बंदी लिहिताना ती नावासकट लिहिली नाही तर पुढची पळवाट इथूनच निघेल.

डॉक्टरांना तर स्वतःची जाहिरात करायला २००२ च्या आचारसंहितेने मनाईच आहे. मोठमोठी रुग्णालयं तो नियम आपल्याला लागू नाही म्हणून फलक लावतात, तो एक वेगळाच लेख होईल.

'एस.टी.चं उत्पन्न बुडेल'

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. एस.टी.ची आर्थिक स्थिती काय आहे ते संप आणि पगाराच्या बातम्यांतून सगळ्यांना माहीत आहे. गाड्यांवरची आणि स्थानकांवरची जागा भाड्याने देऊन चार पैसे येतात. आणि एस.टी. बंद पडली तर माझे रुग्ण दवाखान्यापर्यंत येणारच नाहीत. औषधाच्या जाहिरातीपेक्षा तो धोका मोठा आहे, हे मी मान्य करतो.

पण गाडीत चिकटवलेल्या कागदाचे पैसे महामंडळाला मिळतात असं कुणाला वाटतं? तो रात्रीत, चोरून चिकटवलेला असतो. १९९५ पासून महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे, त्याखालीही तो गुन्हाच. उरली अधिकृत, भाडं भरणारी जाहिरात. २००३ च्या कायद्याने सिगारेट-तंबाखूच्या जाहिरातीला बंदी झाली, ते पैसेही एकेकाळी कुणालातरी मिळतच होते. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या गाड्या-स्थानकांवर तेलकट-गोड खाण्याच्या जाहिराती बंद केल्या. पहिल्या वर्षी त्यांचं जाहिरात-उत्पन्न घटलं नाही, जागा दुसऱ्यांनी घेतली. आपल्याकडे बी-बियाणं आहे, बँका आहेत, मोबाइल कंपन्या आहेत, किराणा आहे.

'मग लोकांना माहिती कशी मिळणार?' हा दुसरा आक्षेप. माहिती आणि जाहिरात यातला फरक ओळखायची साधी खूण सांगतो: माहिती तुम्हाला कधीकधी 'हे घेऊ नका' असंही सांगते. १९५४ च्या कायद्याने सरकारच्या स्वतःच्या आरोग्य-सूचनांना सूट दिलेलीच आहे. तेव्हा ती जागा रिकामी ठेवा असं मी म्हणत नाही. जव्हार-मोखाड्याच्या गाडीत लावायला माझ्याकडे मजकूर तयार आहे. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, चावलेला हात-पाय हलवू नका, १०८ ला फोन करा, लस सरकारी रुग्णालयात फुकट आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, क्षयाचं औषध फुकट, वर पोषणासाठी महिना हजार रुपये. लग्न ठरवण्याआधी दोघांची सिकलसेल तपासणी करा. खिडकीशेजारच्या एका हातभर कागदावर एवढं मावतं. वारलीत, कातकरीत लिहिलं तर आणखी चांगलं.

महामंडळाच्या ब्रीदवाक्यात 'बहुजन हिताय' आहे. जाहिरातीच्या करारात एक ओळ घाला: कोणतंही औषध, उपचार किंवा आजार बरा करण्याचा दावा असलेली जाहिरात स्वीकारली जाणार नाही. त्याला संसदेची वाट बघायची गरज नाही. हीच ओळ परिवहन खात्याने जीपच्या परवान्यात घालावी आणि पश्चिम रेल्वेने डहाणू लोकलच्या डब्यांसाठी. आणि गाडी धुताना चिकटवलेला कागदही धुतला गेला की नाही, हे पाहायची जबाबदारी आगारात कुणा एकाच्या नावावर लिहा.

तुम्हाला काय करता येईल? कागद दिसला तर फोटो काढा. गाडीचा नंबर, मार्ग आणि तारीख लिहा. आगारात तक्रार पुस्तक मागा, त्यात नोंदवा. तोच फोटो अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे पाठवा. अशा तक्रारींसाठी यंत्रणा उभारा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना दिलेला आहे. अर्जात '१९५४ चा आक्षेपार्ह जाहिराती कायदा' एवढे शब्द असू द्या. कागद फाडून टाकायचा मोह होईल, पण आधी फोटो.

आणि घरात अशी पुडी चालू असेल तर एक सूचना नीट वाचा. हा लेख वाचून ती आज एकदम बंद करू नका, विशेषतः दोन-तीन आठवड्यांच्या वर चालू असेल, तोंड सुजल्यासारखं गोल झालं असेल किंवा वजन वाढलं असेल तर. पुडी, रिकामं पाकीट, पार्सलवरची चिठ्ठी, जे असेल ते घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात नाहीतर माझ्याकडे या. उलट्या आणि अंधारी सुरू झाली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी या. पुडी खाल्ली म्हणून कुणी रागावणार नाही. खोडाळ्याच्या मावशींनी ती पिशवी सोडली नसती तर मला त्या दिवशी काही कळलं नसतं. त्यांचा गुडघा अजून दुखतो. पॅरासिटामॉल, मांडीचे व्यायाम आणि काठी यावर चाललंय. दर महिन्याला येतात, अर्ध्या तिकिटात, आणि गाडीत नवा कागद दिसला की नंबर मला आणून देतात.